हललं तर धूळ

पहिल्यांदा आकाश नीट पाहिलं तेव्हा मी ते नापास केलं.

झालं असं, की माझी भाची प्रियंका नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन घरी आली. ती मुलुंडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. मी पोहे परतत होते, मधेच पडद्याकडे नजर गेली. पांढराशुभ्र पत्रा आणि त्यावर हजारो काळे ठिपके. काही सुईच्या टोकाएवढे, काही मोहरीएवढे, एकदोन तर चक्क पसरलेले. मी हातात झारा घेऊनच म्हटलं, "हा माल कुणी पास केला गं? केवढी घाण आहे रंगात!"

प्रियंका हसायला लागली ती थांबेचना. "आत्या, आकाश आहे ते. रात्रीचं. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून बघतात, म्हणजे बारीक तारे लवकर सापडतात."

ते मला सांगायची गरज नव्हती. मी एकोणतीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात, रंगखात्याच्या शेवटच्या टेबलावर काढली. फ्रिजची पांढरी दारं एकामागून एक सरकत यायची, वर ट्यूबलाइटची रांग आणि दोन्ही बाजूंना आम्ही बायका. काम एकच, डाग शोधायचा. ठिपका दिसला की आधी मऊ फडक्याने पुसायचा. हलला तर ती धूळ, दार पुढे जाऊ द्यायचं. जागचा हलला नाही तर तो रंगात अडकलाय, मग मेणाच्या पेन्सिलीने भोवती गोल करायचा आणि दार परत पाठवायचं. 'हललं तर धूळ, राहिलं तर डाग' हे मी चाळीसएक पोरींच्या डोक्यात भरलं असेल. शेवटची सही माझी असायची. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे खात्यात माझ्यावर जीव टाकणारं कुणी नव्हतं. पण माझ्या सहीचं एकही दार कधी परत आलं नाही, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

प्रियंकाने पोहे खाता खाता सगळं समजावलं. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर, डोंगराच्या माथ्यावर एक दुर्बीण आहे. ती एखादा तारा निवडून त्याच्याकडे बघत बसत नाही. ती सगळंच टिपते. एका फोटोत तीसेक पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा आकाशाचा तुकडा, मग त्याच्या बाजूचा, मग त्याच्या बाजूचा. काही रात्रींनी पुन्हा पहिल्यापासून.

"पुन्हा कशाला? एकदा काढले ना फोटो?"

"काय बदललं ते कळायला. कुठे नवीन काही पेटलं, कुठे काही सरकलं." तिने बशी बाजूला ठेवली. "एकाच तुकड्याचे चार फोटो असतात, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. तारे चारही फोटोंत जागच्या जागी राहतात. पण सूर्याभोवती फिरणारे दगड असतात ना, लघुग्रह, ते सरकतात. सरळ रेषेत, सारखं सारखं अंतर टाकत. ठळक असतात ते मशीनला सापडतात, अगदी फिके सुटतात. म्हणून ते लोक या फोटोंचे बारीक बारीक तुकडे करून जगभरच्या गटांना वाटतात. त्यांना डोळे पाहिजेत, आत्या. माझी कॉलेजची पोरं दहा मिनिटांत कंटाळून मोबाइल काढतात."

दहा मिनिटं! आम्ही आठ तास उभ्या राहायचो. मी तिला म्हटलं, माझं नाव लिही. आणखी दोन नावं हवी होती, तीही मी तिथल्या तिथे दिली. राधा आणि शेवंती, माझ्याच टेबलावरच्या.

शेवंतीचं नाव घेताना मी जराशी अडखळले. नजर म्हणावी तर खात्यात तिची एक नंबर. पण आता तिच्या डोळ्यांचे पडदे मधोमध खराब होत चाललेत. उजवा गेल्यातच जमा आहे, डाव्यात दर दीड महिन्याने इंजेक्शन घेते, आणि तोही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलंय. सरळ बघितलं की समोरच्याचा चेहराच गायब होतो, कडेचं तेवढं दिसतं. ती मालवणची, मी माणदेशातली, पण तीस-पस्तीस वर्षांची मैत्री. माझ्याकडे मान वळवून, तिरकी बघत ती म्हणते, "तुझा नाक दिसना नाय, मालन, कान तेवढे दिसतत. कानच बरे आसत तुझे." अशा बाईला घरी बसवून ठेवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून नाव दिलं. खरं सांगायचं तर दयेपोटी दिलं. तिच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून दिलं नव्हतं.

कन्नमवार नगरात आमच्या विहाराची अभ्यासिका आहे. तिथे चार कॉम्प्युटर आहेत आणि सकाळी पोरं कॉलेजला गेली की ती रिकामी असते. तिथे आम्ही तिघी बसायला लागलो. प्रियंकाने पहिल्या दिवशी सरावाचे फोटो लावले. चार फोटो एकामागून एक फिरायचे, पडदा लपलप करायचा, आणि हजारो गप्प बसलेल्या ठिपक्यांतून एखादा मुंगीसारखा चार पावलं चालून जायचा. राधाने तर टाळीच वाजवली.

मला मात्र त्या न चालणाऱ्यांनी धरलं. एका कोपऱ्यात तारा म्हणावा असा नीट गोल नसलेला, लांबुडका ठिपका होता. मी प्रियंकाला विचारलं, "हा असा का चेपलाय?"

"तो तारा नाही. आकाशगंगा आहे ती, दुसरी. आपल्या आकाशगंगेसारखीच. अब्जावधी तारे असतील तिच्यात."

"ह्या ठिपक्यात?"

"ह्या, आणि ह्या, आणि हा बारीक दिसतोय त्यातही." तिने चित्र मोठं केलं. ठिपक्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत आणखी ठिपके निघाले. अजून मोठं केलं, आणखी निघाले. "यातला बराचसा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, आत्या."

 मी खुर्चीचा हात धरला ते मला आठवतंय. आयुष्यभर पांढऱ्यावरचा काळा ठिपका म्हणजे कुणाची तरी चूक, एवढंच मी शिकले होते. इथे एकेका ठिपक्यात एकेक ब्रह्मांड होतं, आणि हात लांब करून धरलेल्या नखाआड जाईल एवढाच हा तुकडा होता. असे किती तुकडे असतील याचा हिशेब मी करायला गेले आणि सोडून दिला. घरी जाऊन जेवले नाही. भूक लागलीच नाही.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

पुढच्या सोमवारी आमच्या वाट्याचा पहिला खरा तुकडा आला. बुधवारी दुपारी बारापर्यंत काय सापडलं ते कळवायचं होतं. राधा आणि शेवंती बघायच्या, आणि शेवटची नजर माझी, टेबलावरची जुनीच पद्धत. दोन तास गेले, काही नाही. मग शेवंती मान डावीकडे वळवून, पडद्याकडे जवळजवळ गाल करून बसली आणि म्हणाली, "मालन, हय काय तरी चलता गो."

मी वाकून पाहिलं. काही दिसेना. तिने बोट टेकवलं तिथे बारीक, धुराच्या कणाएवढं काहीतरी होतं. फोटो फिरतच होते. माझा हात आपसूक पदराकडे गेला, पदराने मी पडदा पुसला, आणि पाहते तर ठिपका होता तिथून नखभर पलीकडे गेलेला. पुन्हा पुसला तर नाहीसाच झाला.

"हलला. धूळ आहे," मी म्हटलं. "चला पुढे."

"धूळ नाय ती. तो आपल्या वाटेन चलता."

"मी पुसल्यावर सरकला, शेवंती. डोळ्यांनी पाहिलं मी."

"परत एकदा बघ ना," राधा हळूच म्हणाली.

आता माझ्या डोक्याला वेगळंच लागलं होतं. शेवटची सही माझी, आणि ह्या दोघी मला शिकवणार? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "डाग तुझ्या डोळ्यात आहे, शेवंती. तो पडद्यावर कशाला शोधतेस?"

 शेवंतीने पर्स चाचपून उचलली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, चप्पल पायाने शोधली आणि गेली. राधाही तिच्यामागून उठली. मी एकटीने अहवालात 'काहीही आढळले नाही' असं भरलं आणि पाठवून दिलं.

मंगळवारी सकाळी मी घरातली बाबासाहेबांची तसबीर पुसत होते. काचेवर एक काळा ठिपका दिसला. पुसला, तर तो सरकला. पुन्हा पुसला, पुन्हा थोडा सरकला. चष्मा लावून पाहिलं तर एक चिलट होतं, काचेच्या आत. चौकटीच्या फटीतून शिरलं असेल. मी बाहेरून फडकं फिरवत होते आणि ते आत आपल्या मनाने चालत होतं. माझ्या फडक्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

मी तशीच स्टुलावर उभी राहिले. पदर पडद्याच्या बाहेर फिरला होता. आतला ठिपका माझ्या पदराने कसा हलेल? मी पुसत होते तेवढ्यात फोटो बदलला होता, एवढंच. आणि हलणारंच तर शोधायला बसलो होतो आम्ही! हे मला ठाऊक नव्हतं का? शंभरदा ठाऊक होतं. डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं.

अंघोळ तशीच ठेवून मी अभ्यासिकेत गेले. किल्ली मागितली, फोटो लावले आणि बसले. प्रियंकाला फोन केला तेव्हा ती वर्गावर निघाली होती. ती म्हणाली, "काही हरकत नाही, बारापर्यंत, उद्याच्या बारापर्यंत, शेवटी पाठवलेला अहवाल धरतात. फक्त तो ठिपका कुठे होता ते सापडायला हवं."

तेच तर होईना. तिने बोट टेकवलं होतं ते वरच्या बाजूला की मधे, हेही मला धड आठवेना, मी तेव्हा रागात होते. मी वरून खाली, ओळ ओळ करून, दाराच्या पत्र्यासारखा तो तुकडा तपासला. सकाळचे दहा ते संध्याकाळचे पाच. सगळे दिसले, एक तो सोडून. संध्याकाळी प्रियंकाला पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, मी सरळ बघतेय, तरी सुटतोय.

"सरळ बघतेस म्हणूनच सुटत असेल," ती म्हणाली. "हालचाल कडेच्या नजरेला जास्त कळते, आत्या. रस्त्याने चालताना बाजूने गाडी येते ती न बघता कळते ना, तसं. शेवंतीमावशी आता सगळंच कडेने बघतात. त्यांना दिसलं असणार."

मी मान तिरकी करून बघायचा प्रयत्न केला. मान वळायची, पण डोळे फिरून पुन्हा समोर यायचे. तोपर्यंत पोरं अभ्यासाला आली आणि मला उठावं लागलं.

बुधवारी सकाळी नऊला मी शेवंतीच्या बिल्डिंगखाली उभी होते. जुनी चाळवजा इमारत पाडून तिथे टॉवर झालाय, ती चौदाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मी काय बोलायचं ते तीनदा जुळवलं. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, हे माझ्या नवऱ्यालाही मरेपर्यंत मान्य होतं.

सून शीतलने दार उघडलं. शेवंती गॅलरीत ताट घेऊन सुकट निवडत होती. बोटांनी, नजर दुसरीकडेच.

"कोण ता?"

"मी."

"मी म्हणजे कोण? मधला माका दिसना नाय, ठावक आसा ना?"

"मालन."

"मगे बरा झाला दिसना नाय ता."

मी तिच्यासमोर खाली बसले. जुळवलेलं सगळं विसरले. "माझं चुकलं, शेवंती. ठिपका तुझ्या डोळ्यात नव्हता. पडद्यावरच होता, मी धूळ म्हणून सोडला. आणि बोलले ते तर फार वाईट बोलले."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "आणि डोळ्यात असलो तर?"

मी ताटातली एक काडी उचलून बाजूला टाकली.

"रोज शंभर ठिपके दिसतत माका. भिंतीवर, भाकरीवर, नातवाच्या तोंडावर. खरे खयचे आणि डोळ्यातले खयचे, माझा माकाच कळना नाय. लोकांका विचारूची लाज वाटता. त्या दिवशी एक कळलो." तिने ताट खाली ठेवलं. "डोळ्यातले असतत ना, ते माझ्याबरोबर फिरतत. मी मान वळवलंय की ते वळतत. ह्यो माझ्याबरोबर इलो नाय. मी बघी नाय तेव्हा पण ह्यो आपल्या वाटेन गेलो. म्हणान मी म्हटलंय, ह्यो खरो. आणि तू तो पुसून टाकलंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते दिसलं नसेल, पण मी नाक ओढलं ते ऐकू गेलं असणार.

"डोळो जायच्या आधी," ती म्हणाली, "एक तरी खरो होतो, एवढा माका कळाक होया. बाकी काय नको."

"बारापर्यंत वेळ आहे," मी म्हटलं. "मला सापडत नाही. तुझ्याशिवाय नाही सापडणार."

"किती वाजले?"

"साडेनऊ होतायत."

"मग रडतंस काय बसान? चल ना! शीतल, ह्या सुकट मांजरापासून सांभाळ गो."

राधाला वाटेतून घेतलं. अभ्यासिकेत गेल्यावर शेवंतीने हुकूम सोडायला सुरुवात केली. ट्यूब बंद करा. खिडकीचा पडदा ओढा. खुर्ची डावीकडे, आणखी डावीकडे. ती पडद्याला जवळजवळ पाठमोरी बसली तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. मी माउस धरला, ती सांगेल तसा तुकडा सरकवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवणं जास्त कठीण होतं.

दहा वाजले, साडेदहा झाले. दोनदा तिने थांबवलं, आणि मान हलवून बघितल्यावर स्वतःच म्हणाली, "नाय, ह्यो माझो." दर वेळी तिचा आवाज थोडा बारीक व्हायचा. अकरा वाजले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि राधाने तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. मी घड्याळाकडे बघत होते आणि मनात त्या दुर्बिणीला, त्या दगडाला आणि मुख्य म्हणजे स्वतःला शिव्या घालत होते.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"रव," शेवंती म्हणाली तशी मी थांबले. "मागे घे. वायच वर. हय."

मला काही दिसलं नाही. पण या वेळी मी पदराला हात लावला नाही. मी फोटो एकेक करून थांबवले. पहिल्या फोटोत तिने बोट टेकवलं तिथे मी पर्समधल्या जुन्या मेणाच्या पेन्सिलीने पडद्यावरच गोल केला. दुसऱ्यात टेकवलं तिथे दुसरा. तिसऱ्यात ती म्हणाली, "नाय दिसना." चौथ्यात पुन्हा बोट टेकवलं, तिसरा गोल.

तीन गोल, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे मोठी जागा. राधाने वहीचा कागद फाडून पट्टी केली आणि पहिल्या दोन गोलांमधलं अंतर नखाने खुणावलं. पट्टी पुढे सरकवली. खूण बरोबर एका जाड, काळ्या ताऱ्यावर पडली. आणखी एकदा सरकवली, तर थेट शेवटच्या गोलात.

 तिसऱ्या फोटोत तो नाहीसा झालाच नव्हता. वाटेत हा जाडा तारा आला होता, त्याच्या उजेडात तो लपला होता. चार पावलं, सारखी, एका रेषेत. फोटो पुन्हा फिरवले, आणि कुठे बघायचं ते कळल्यावर मलाही दिसला. फिका, चिमटीत न येणारा, हजारो न हलणाऱ्या आकाशगंगांच्या समोरून एकटा चालत निघालेला. आपल्याला कुणी बघतंय याची त्याला काही पडलेली नव्हती. 

"हा बघ, आहे," मी म्हटलं. "शेवंती, आहे गं! मला दिसतोय!"

"मी काय सांगत होतंय मगे?" ती म्हणाली.

अकरा बावन्नला आम्ही ठिपक्याच्या जागा भरून अहवाल पाठवला. बघणाऱ्याचं नाव म्हणून मी पहिलं शेवंतीचं टाकलं. साडेबाराला प्रियंकाचा तास सुटला आणि थोड्या वेळाने फोन आला. तिने माहीत असलेल्या दगडांची यादी तपासली होती. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आत्या, यादीत नाही हा. मंगळ आणि गुरूच्या मधला वाटतोय. असेल एखाद किलोमीटरचा, आपल्या कन्नमवार नगराएवढा. पक्कं व्हायला महिने लागतील, पण आत्ता तरी, म्हणजे या घडीला, तो तुम्हा तिघींशिवाय कुणाला माहीत नाही."

मी ते तसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. राधा म्हणाली, "बाई गं."  शेवंती जेवायच्या वेळेपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिली आणि आम्हीही तिला उठवलं नाही.

उत्तर आलं एप्रिलमध्ये. तोवर शेवंतीच्या डाव्या डोळ्याचा मधला भाग पार गेला होता. कडेला उजेड-अंधार कळायचा, माणसं आकारावरून ओळखायची. आम्ही तिच्याच घरी जमलो होतो, दुपारची वेळ, शीतलने कोकम सरबत केलेलं. प्रियंकाने मोबाइलवरचं पत्र इंग्रजीत वाचलं आणि मग मराठीत सांगितलं. दगड खरा होता. नोंद झाली होती, तात्पुरता क्रमांक मिळाला होता. कायमचा मिळायला तो आणखी काही वर्षं पुन्हा पुन्हा दिसावा लागेल.

"आणि एक गंमत आहे," ती म्हणाली. "वाट कळल्यावर त्यांनी जुने फोटो काढून बघितले. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत तो आहे. सात वर्षांपूर्वीच्याही आहे. जिथे असायला हवा बरोबर तिथे."

"सात वर्षांपूर्वीच्या?" मी म्हटलं. "मग तेव्हा का नाही सांगितलं कुणी?"

"कुणाला दिसलाच नाही. पण फोटो ठेवून देतात ना सगळे. एकही टाकत नाहीत. त्यात अजून किती काय असेल, जे आहे पण कुणी पाहिलेलं नाही, याचा अंदाजसुद्धा नाही कुणाला."

मी ग्लास खाली ठेवला. सात वर्षांपूर्वी मी नोकरीत होते आणि शेवंतीचे दोन्ही डोळे धडधाकट होते. आम्ही दोघी फ्रिजची दारं पुसत होतो आणि हा तेव्हाही वरून जात होता, फोटोत येत होता, कुणी न बघता. मला एकदम फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. उलट छातीत काहीतरी मोकळं झालं.

शेवंतीने विचारलं, "आता खय असतलो तो? ह्या घडीक?"

प्रियंकाने मोबाइलवर काहीतरी शोधलं. "आत्ता? मावशी, आत्ता वरच आहे तो. नोव्हेंबरात रात्री असायचा, आता दिवसा असतो. तीन वाजतायत, म्हणजे जवळजवळ डोक्यावर."

"चला मगे," शेवंती उठलीच.

लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर आणि मग एक जिना चढून गच्चीवर. तिथे उन्हाचा भडका होता. एका बाजूला हायवेवरच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला खाडी आणि खारफुटी. वर ढगाचा एक तुकडा नव्हता. प्रियंकाने दिशा बघून हात वर केला. "इथे. या बाजूला, अंदाजे."

"माका बरोबर दाखव," शेवंती म्हणाली. "अंदाजे नको."

मी तिच्या मागे उभी राहिले. तिचा हात मनगटाला धरून वर नेला, प्रियंकाच्या बोटाच्या रेषेत आणला, आणि बोट सरळ केलं. उन्हाने आम्हा दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मी, एवढं सगळं होऊनही, विचारायचं तेच विचारलं. "दिसतो का गं?"

"येडी काय तू? भर उन्हात?" ती हसली. "दिसना नाय. पण आसा."

"आहे," मी म्हटलं.

तिने हात खाली घेतला नाही. मीही तिचं मनगट सोडलं नाही.